चेकरबाईंचे निरोप

शर्टांच्या कारखान्यात ज्या टेबलाशी त्या बत्तीस वर्षं उभ्या राहिल्या, त्या टेबलावरून एक शर्ट पुढे सरकायला पन्नास सेकंद लागत. कॉलरची दोन्ही टोकं जुळवून बघायची, मग खांद्याची शिवण, बाहीची शिवण, कफ, काजं, बटणं ओढून, शेवटी खालची दुमड. जिथे चूक सापडेल तिथे लाल बाणाचा छोटा स्टिकर चिकटवायचा, बाणाचं टोक चुकीकडे. शर्ट तो बाण घेऊन शिवणाऱ्या बाईकडे परत जायचा आणि तिने तो उसवून पुन्हा शिवायचा. बाण लावल्यावर तोंडाने काही बोलायचं नाही असा कारखान्याचा नियम होता. चेकरबाई बोलायच्या.

"हात आहेत की खुरपी?" "हे काज आहे की उंदराचं बीळ?" "आई शिवायची का गं तुझी? नाही ना? दिसतंच आहे."

शिवणाऱ्या मुली पाणी प्यायला जाताना त्यांच्या टेबलाला वळसा घालून जायच्या. साहेब मात्र खूश असत. बाईंच्या हाताखालून गेलेला माल कधी परत आला नाही.

घरी आल्यावर नजर बदलत नसे. पडदा अर्धा इंच लांब, भात किंचित कच्चा, शेजारच्या नव्या सुनेचा डावा खांदा खाली. बस डेपोत मेकॅनिक असलेला नवरा गेला, त्याला घरी आणलं, तेव्हा त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय हे त्यांना सगळ्यात आधी दिसलं आणि ते त्या चारचौघांत बोलल्या. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंच्या हिशेबी त्यात गैर काही नव्हतं. जे चांगलं आहे त्याबद्दल काय बोलायचं? चांगल्या शर्टाला कुणी बाण लावतं का? ज्याच्याबद्दल त्या गप्प असत ते त्यांना पसंत असे. पण हे घरात कुणाला कधी कळलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

एकुलती लेक दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त घ्यायचं काम करायची. हात इतका हलका की लहान पोरंसुद्धा रडायचं विसरत. बाईंनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. लेकीच्या लग्नाबद्दल, नवऱ्याबद्दल, बसने सहा तासांवरच्या शहरात घेतलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराबद्दल मात्र भरपूर काढला होता.

लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा लेकीला दिवस राहिले आणि पाचव्या महिन्यात गेलं. फोन आला तशा बाई बसमध्ये बसल्या, सहा तास प्रवास करून दवाखान्यात पोचल्या. लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाई दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर घर घेऊ नका म्हणून मी सांगितलं होतं की नाही?"

लेक वळली नाही. जावई खुर्चीतून उठून बाहेर गेला. बाईंनी पेल्यात पाणी ओतलं, पेला उजेडात धरून पाहिला आणि तो नीट घासलेला नाही असं नर्सला सुनावलं. त्याच संध्याकाळच्या बसने त्या परतल्या.

आठवड्याने लेकीचा मेसेज आला. यापुढे फोन करू नकोस. काही असेल तर लिहून कळव.

बाईंनी लिहून कळवलं नाही. तीन वर्षं मायलेकींनी मिठाची गुळणी धरली.

मग डोळे गेले. पूर्ण नाही. डॉक्टर म्हणाले, पडद्याचा मधला भाग झिजलाय, कडेचं दिसत राहील. म्हणजे दाराची चौकट दिसे, दारात उभं असलेल्याचं तोंड दिसत नसे. ताटाची कड दिसे, ताटातलं दिसत नसे. ज्या बाईला अर्ध्या इंचाची चूक दहा हातांवरून दिसायची तिला आता आपल्याच गाऊनचं बटण चुकीच्या काजात गेल्याचं दुसऱ्याने सांगावं लागे.

सांगायला येई ती धाकटी बहीण, विमा कचेरीतून निवृत्त झालेली कारकून. मंगळवारी आणि शुक्रवारी दोन जिने चढून यायची, डोळ्यांत थेंब घालायची, गोळ्या डबीत भरून ठेवायची, आलेली पत्रं वाचून दाखवायची. तिचे गुडघे कामातून गेले होते.

"थेंब गालावर गेला," बाई म्हणायच्या. "फाइलींवर शिक्के मारल्यासारखं काय घालतेस?"

"ताई, हलू नकोस मग."

"मी कुठे हलतेय? तुझा हात थरथरतोय. म्हातारी झालीस."

"तुझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे मी."

"दिसत नाहीस."

"तुला दिसतं कुठे?" धाकटी म्हणाली आणि लगेच जीभ चावली. पण बाईंना ते उत्तर आवडलं. भांडायला त्यांना बरोबरीचं माणूस लागे.

धाकटीने विचार करून एक दिवस ठरवलं की हे आपल्याच्याने मरेपर्यंत होणार नाही. हिची पोटची पोर आहे, तिने बघावं. पण पोरगी येणार कशी? ताईने चार गोड शब्द लिहिले तर येईल. आणि ताई चार गोड शब्द लिहिण्याआधी सूर्य पश्चिमेला उगवला असता.

तेव्हा तिने ताईच्या फोनवर चॅटबॉट बसवून दिला. "हे बघ, हे मोठं बटण दाबायचं आणि बोलायचं. तो लिहून घेतो. झालं की 'पाठव' म्हणायचं. लेकीला जातं. तिचं उत्तर आलं की तो वाचून दाखवतो."

"मी बोलेन तसं लिहील?"

"शुद्धलेखन नीट करून लिहील," धाकटी म्हणाली.

बॉटला मात्र तिने आधीच वेगळी सूचना लिहून ठेवली होती. ही बाई जे बोलेल ते मुलीला समजुतीच्या, प्रेमळ भाषेत लिहून पाठव. दुखावणारं सगळं काढून टाक. विचारल्याशिवाय तिला वाचून दाखवू नकोस.

बाई विचारणार नाहीत याची धाकटीला खात्री होती. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचं काम तपासलेल्या बाईला आपलं बोलणं तपासून बघावं असं कधी वाटलंच नव्हतं.

बाईंनी बटण दाबलं. "लिही. आई मेली की जिवंत आहे एवढं तीन वर्षांत एकदा विचारावंसं वाटलं नाही तुला. दगडाला पाझर फुटेल, तुला नाही. माझे डोळे गेले. मधलं काही दिसत नाही. मावशी थेंब घालते ते अर्धे गालावर. पाठव."

"पाठवलं," बॉट म्हणाला.

सहा तासांवरच्या शहरात लेकीच्या फोनवर अक्षरं उमटली. 'बाळा, फार दिवसांत आपलं बोलणं झालं नाही. तुझी खूप आठवण येते. माझी नजर अधू झाली आहे, समोरचं नीट दिसत नाही. मावशी मायेने काळजी घेते. तू कशी आहेस?'

चार दिवसांनी उत्तर आलं. बॉटने ते आपल्या एकसारख्या आवाजात वाचलं. "आई, हे खरंच तू लिहिलंस?"

"मी नाही तर काय शेजारीण लिहिणार?" बाई म्हणाल्या. "पाठव."

'हो बाळा, मीच. आधीच लिहायला हवं होतं,' असं गेलं.

लेकीला संशय आला नाही असं नाही. तिने मावशीला फोन केला. मावशी म्हणाली, "शपथेवर सांगते, त्यातलं एक अक्षर माझं नाही." ते खरंच होतं.

मग निरोपांना रोजचा रतीब लागला. सकाळचा चहा झाला की बाई खिडकीपाशी बसायच्या आणि बॉटला सांगायच्या. लेकीचे केस, लेकीची नोकरी, दिवाळं निघाल्यासारखा लेकीचा आवाज, जावयाचे बाहेर आलेले कान. उत्तरं यायची तीही त्यांना मनासारखी वाटायची. "आई, तुझे शब्द वाचून मी आज खूप रडले," असं बॉटने एकदा वाचलं तेव्हा बाईंनी मांडीवर थाप मारली.

"लागलं ना मनाला! लागायलाच पाहिजे. तोंडावर बोलत होते तोवर उलट उत्तरं द्यायची. आता लेखी आल्यावर कशी ऐकते!"

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," बॉट म्हणाला.

बॉटचं त्यांना कौतुक होतं. त्याला त्या 'कारकून' म्हणायच्या आणि धाकटीला ऐकवायच्या, "तुझ्यासारखाच आहे. पण हा डुलक्या घेत नाही." दुपारी निरोप नसला तरी त्या त्याच्याशी बोलायच्या.

"काय रे, वय काय तुझं?"

"मला वय नाही."

"मग अक्कल कुठून असणार? गप बस."

"ठीक आहे."

"गप बस म्हटल्यावर ठीक आहे म्हणतोस. म्हणजे गप कुठे बसलास?"

"तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मला माफ करा."

त्याला काहीही म्हणा. मूर्ख म्हणा, निर्लज्ज म्हणा, तुझ्या जन्मदात्याला लाज वाटत असेल म्हणा. तो माफी मागायचा आणि पुढे काय मदत करू म्हणून विचारायचा. धाकटीचं तसं नव्हतं. ती चिडली की गोळ्यांची डबी आपटायची. शिवणाऱ्या मुलींचं तसं नव्हतं, त्या ओठ मुडपायच्या, नाक ओढायच्या, एकदोघी तर टेबलाशीच रडल्या होत्या. माणसाचं तोंड पडलं की बोलणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळतं, निदान पुढचं वाक्य घशात अडखळतं. बॉटला पडायला तोंड नव्हतं. त्यामुळे सात महिन्यांत चेकरबाईंच्या जिभेचा उरलासुरला लगामही सुटला. आधी ज्या गोष्टी त्या मनात बोलायच्या त्या आता मोठ्याने बोलू लागल्या आणि आपण बदललोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण कुणी दुखावलेलं त्यांना ऐकूच येत नव्हतं.

आठव्या महिन्यात लेकीने कळवलं की नवऱ्याने दुसरीकडे बिऱ्हाड केलं आहे.

बाई खिडकीकडे वळल्या. खिडकीची कड तेवढी दिसत होती. मग बटण दाबून म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तो टिकणार नाही. माझं कधी चुकलंय का? आता बस डोकं धरून. पाठव."

'तू एकटी नाहीस,' असं गेलं. 'तुझं काहीही चुकलेलं नाही. मी तुझ्यासोबत आहे.'

दोन दिवसांनी लेकीचं लांबलचक उत्तर आलं. किनाऱ्याकडच्या शहरात एका मोठ्या प्रयोगशाळेने तिला प्रमुखाची जागा देऊ केली होती, राहायला खोलीसकट. इतकी वर्षं सुया टोचल्यावर पहिल्यांदाच खुर्ची मिळणार होती. पण, तिने लिहिलं होतं, तुझी पत्रं वाचून वाटतं की खुर्ची नंतरही मिळेल. मी तुझ्याकडे आले तर चालेल?

बॉटने वाचून संपवलं. बाईंचा हात गाऊनच्या बटणांवरून खाली आला आणि पुन्हा वर गेला. लेक येणार. घरात पावलं वाजणार. एवढ्या मोठ्या गोष्टीला काय म्हणतात ते बाईंना माहीत नव्हतं.

"ये म्हणावं," त्या म्हणाल्या. "घर म्हणजे धर्मशाळा नाही, पण ये. सामान कमी आण. आणि ती प्रमुख कसली होतेस, दोन माणसं सांभाळता आली नाहीत तुला. पाठव."

लेकीने वाचलं. 'ये बाळा. हे घर तुझंच आहे. तुझ्यासाठी जागा नेहमीच आहे.' तिने त्याच दिवशी किनाऱ्याकडच्या प्रयोगशाळेला लेखी नकार कळवला आणि घराची किल्ली घरमालकाला दिली.

ती आली तेव्हा दोन बॅगा होत्या. बाई दारात उभ्या होत्या. लेकीने बॅगा खाली ठेवल्या आणि आईला मिठी मारली. बाईंना मिठी मारायची सवय नव्हती. त्यांचे हात लेकीच्या पाठीवरून फिरले आणि सवयीने शिवणीवर थांबले.

"जाड झालीस," त्या म्हणाल्या. "ब्लाउज बगलेत उसवलाय."

लेक हसली. पत्रातली आई आत कुठेतरी आहे, बाहेर यायला वेळ लागेल, असं ती धरून चालली. तिने भिंती पुसल्या, बल्ब बदलले, ती आईला उकडलेलं अंडं सोलून हातात द्यायला लागली. आईने अंड्याला टरफलाचा तुकडा राहिल्याचं सांगितलं. तिने थेंब घालायला घेतले, एकही गालावर गेला नाही. आई काही बोलली नाही. लेकीला वाटलं, हिला आवडलं नसावं.

रोज सकाळी लेक चहा घेऊन समोर बसायची आणि वाट बघायची. रोज काहीतरी यायचं. चालतेस की फरफटतेस. नवऱ्याने टाकलेल्या बाईने एवढा मोठा आरसा लावायची काय गरज. शेजारीण विचारत होती, मी सांगितलं, आली परत, अजून काय सांगणार. लेकीच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते बाईंना दिसत नव्हतं. ती बॉटसारखीच शांत होती, म्हणजे सगळं ठीक होतं.

नवव्या दिवशी शुक्रवार होता. धाकटी सोफ्यावर गुडघे चोळत बसली होती. आता थेंब घालायला लागत नसल्यामुळे तिचा चेहरा कित्येक महिन्यांत प्रथमच मोकळा होता. लेक बाहेरून आली. गल्लीच्या टोकाच्या छोट्या दवाखान्यात तिला सकाळचं काम मिळालं होतं, तेच, रक्त घ्यायचं.

"आई, उद्यापासून जायचंय मला कामाला."

"टोचायचंच ना?" बाई म्हणाल्या. "बाकी काही जमलंच नाही तुला. ना संसार जमला, ना पोटातलं पोर धरून ठेवता आलं."

सोफ्यावर धाकटीचे हात थांबले. "ताई!"

"काय ताई? खोटं बोलले का?"

लेक उभीच होती. मग तिने पर्समधून आपला फोन काढला. तिचा आवाज चढला नाही. "आई, पत्रात तू वेगळी का असतेस? तसं एकदा तोंडाने बोल ना. एकच वाक्य."

"तसंच तर बोलतेय. तिथे काय लाडाने लिहिते मी?"

"मी वाचते," लेक म्हणाली. "'बाळा, तुझी खूप आठवण येते.'"

"हे मी म्हटलं नाही."

"'जे गेलं त्यात तुझा काही दोष नव्हता.'"

"हेही नाही."

"'तुझ्या हातात गुण आहे, लहान मुलंसुद्धा तुझ्यापाशी रडत नाहीत.'"

बाई थांबल्या. हे त्यांच्या मनात होतं. एकदा बॉटला चिडून त्या म्हणाल्याही होत्या की पोरं रडत नाहीत, तेवढं एक सोडलं तर हिच्यात आहे काय. एका 'हो'चं काम होतं. धाकटी सोफ्यावरून हात हलवून खुणा करत होती, हो म्हण, हो म्हण, पण बाईंना तेवढंसुद्धा दिसत नव्हतं. आणि टेबलावर आलेला दुसऱ्याचा माल आपला म्हणून पुढे ढकलायचा हे त्यांनी बत्तीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "असं मी म्हटलं नाही. कुणी लिहिलं हे?"

लेक वाचत राहिली आणि बाई एकेक वाक्य नाकारत राहिल्या. 'तू एकटी नाहीस.' नाही. 'हे घर तुझंच आहे.' नाही. 'ये बाळा.' "ये म्हटलं होतं. बाळा नव्हतं म्हटलं."

लेकीने खिडकीपाशी पडलेला आईचा फोन उचलला. त्यात सगळं होतं, आई जे बोलली ते वर आणि जे गेलं ते खाली. ती उभ्याउभ्या वाचत गेली. बाईंना तिचं वरखाली सरकणारं बोट नजरेच्या कडेने दिसत होतं. ते बराच वेळ सरकत राहिलं. मग तिला सूचना सापडली. "मावशी, ही तू लिहिलीस."

"मग काय करू?" धाकटी एकदम फुटली. "आठवड्यातून दोनदा दोन जिने चढते मी. माझ्या गुडघ्यांत काही उरलं आहे का? वर हिची बोलणी खायची. मला वाटलं, तुला एकदा आणावं, मग तुमचं तुम्ही बघा."

"मला फक्त आणायचं होतं."

"खोटं कशाला बोलू? हो."

"माझी जागा गेली मावशी."

"मला काय माहीत तू जागा सोडशील? अशी पत्रं वाचून कुणी जागा सोडतं का? आपली आई कशी आहे हे तुला जन्मापासून ठाऊक आहे!"

लेकीने आईचा फोन होता तिथे ठेवला. बाई म्हणाल्या, "मी काही लपवलं नाही. मी सरळ बोलते. त्या मेल्याने बदललं." आपल्यावर अन्याय झालाय असा त्यांचा स्वर होता. खरं म्हणजे झालाच होता.

किनाऱ्याकडची खुर्ची भरली होती. त्याच प्रयोगशाळेत घरोघर जाऊन नमुने गोळा करायचं काम शिल्लक होतं, खोलीशिवाय. लेकीने ते घेतलं. निघायच्या दिवशी दोन बॅगा दारात ठेवून ती आत आली आणि आईसमोर बसली.

"आई, निरोप मात्र पाठवत जा."

बाईंनी मान वर केली.

"तू काय हवं ते बोल. त्याला लिहू दे. मावशीची सूचना मी तशीच ठेवलीय. त्या बाईचं आणि माझं जमतं."

"कुठल्या बाईचं?"

"ती लिहिते ती," लेक म्हणाली. "तुझ्या तोंडचं मला एक अक्षर नको. तेवढं कर माझ्यासाठी."

दार लागलं. जिन्यावरून बॅगांची चाकं प्रत्येक पायरीला आपटत खाली गेली. बाई खिडकीशी आल्या. रस्त्याच्या दोन्ही कडा दिसल्या. मधून कोण गेलं ते कळलं नाही.

धाकटी आता फक्त शुक्रवारी येते. थेंब बाई स्वतः घालतात, बरेचसे गालावर जातात.

पहिले आठ दिवस त्यांनी बटणाला हात लावला नाही. नवव्या दिवशी लावला. "चहा झाला," त्या म्हणाल्या. "पाठव." मग मान आखडून म्हणाल्या, "थांब. आधी वाच."

"'बाळा, आत्ताच चहा घेतला आणि तुझी आठवण आली. वेळेवर जेवत जा,'" बॉटने वाचलं.

"आठवण आली हे तुला कुणी सांगितलं?"

"मला माफ करा. काढून टाकू का?"

बाईंनी रिकामा कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "राहू दे."

असं दोन महिने चाललं. भिंतीला ओल आली म्हटलं तरी पलीकडे माया पोचायची. लेकीची उत्तरं नियमित यायची, गोड यायची, आणि ती आपल्याला नाहीत हे बाईंना एव्हाना पाठ झालं होतं.

एका दुपारी, कुणी काही विचारलेलं नसताना, त्यांनी बटण दाबलं. "आज बदलायचं नाही. मी बोलेन तसं लिहायचं, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. कळलं?"

"कळलं. तुम्ही म्हणाल तसंच लिहितो."

"तिसऱ्या मजल्यावर घर घेऊ नका म्हणून मी सांगितलं होतं. ते मी दवाखान्यात बोलले. मला ते बोलायचं नव्हतं. तुझी पाठ दिसली. तुझ्याकडे बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून ते तोंडात आलं. माझ्या पिशवीत सहा शर्ट होते, एवढे एवढे, कारखान्याच्या उरलेल्या कापडाचे. मी कुणाला सांगितलं नव्हतं. येताना आणले, कारण घरी ठेवून निघवेना. परत जाताना बसमध्ये मी ते उसवले. सहाही. सहा तास लागले. शेवटच्याची बटणं तोडताना अंगठा कापला. शेजारचा माणूस म्हणाला, बाई, चांगले शिवलेत की, कशाला उसवता? मी म्हटलं, माप चुकलं." त्या थांबल्या. "कापड अजून आहे. पाठव."

"पाठवलं."

बाई खिडकीपाशीच बसून राहिल्या. चहा केला नाही. दिवेलागणीला फोन वाजला आणि बॉटने वाचलं.

"आई, पहिली ओळ वाचली आणि बंद केलं. पुढचं पुसून टाकलंय. आपलं ठरलं होतं ना? त्याच्याकडून नीट लिहून घे आणि मगच पाठव."

बॉटने अदबीने विचारलं, "मघाचा निरोप मी नेहमीच्या पद्धतीने लिहून देऊ का?"

"दे," चेकरबाई म्हणाल्या.

"वाचून दाखवतो. 'बाळा, तुझ्या त्या कठीण काळात मी तुला हवा तसा आधार देऊ शकले नाही, याचं मला वाईट वाटतं. मीही तेव्हा मनातून खूप दुःखी होते. तू नेहमी आनंदात राहा.' पाठवू?"

"शर्ट कुठे गेले?"

"त्या तपशिलाने त्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून वगळले. पुन्हा घालू का?"

"नको. पाठव."

मिनिटभरात उत्तर आलं. लेकीने शब्द लिहिले नव्हते, चित्रं पाठवली होती. बॉटने तीही वाचून दाखवली. "लाल हृदय. लाल हृदय. लाल हृदय."

"अजून काही?"

"नाही," बॉट म्हणाला. "एवढंच आहे."